पहिल्या फेरीचे डबे

माझ्या आईला सम्मेद शिखरजीला, आम्हा जैनांच्या पार पूर्वेकडच्या मोठ्या तीर्थाला, जायचं होतं, आणि ती जात नव्हती. दर वर्षी मंडळाच्या बायका निघायच्या, दर वर्षी आई त्यांना वाटेत खायला शेंगपोळ्या करून द्यायची, आणि त्या परत आल्या की त्यांनी आणलेला प्रसाद तोंडात टाकून म्हणायची, "फुडच्या साली बघू." मी शाळेत होतो तेव्हापासून हे पुढचं साल चाललं होतं. आता माझ्या डोक्यावरचे केस विरळ झाले, आईचे गुडघे जिना चढताना कुरकुरायला लागले, आणि शिखरजीचा डोंगर म्हणजे काही आमच्या घराचा जिना नव्हे. यंदा नाही गेली तर राहिलंच, हे तिलाही कळत होतं.

अडचण डब्यांची होती. सांगलीत गावभागात आमचं घर आणि मागच्या पडवीत आईची खानावळ. वडील गेल्यावर तिनं ती सुरू केली आणि तिच्यावरच मला वाढवलं. बसून जेवायला कुणी येत नाही, सगळे डबे बाहेर जातात. संध्याकाळी त्यांच्या दोन फेऱ्या. पहिली फेरी दिवस मावळायच्या आत पोचलीच पाहिजे, कारण आम्हा जैनांतली जुनी माणसं सूर्य बुडाल्यावर अन्नाला हात लावत नाहीत. डबा उशिरा आला तर ती भांडत नाहीत, फोन करत नाहीत, नुसती डबा झाकून ठेवतात आणि सकाळची वाट बघतात. भांडली असती तर परवडलं असतं. दुसरी फेरी कॉलेजची पोरं आणि नोकरीवाल्या मुलींची. त्यांचं सूर्याशी काही देणंघेणं नाही.

कुणाचा डबा कुठल्या फेरीत, कुणाला भाकरी, कुणाला चपाती, कुणाला कांदा चालत नाही, कुणाचा आज चतुर्दशीचा उपवास, कोण गावाला गेलंय, हे सगळं आईच्या डोक्यात. ती पडवीत उभी राहून पिशव्या भरणार आणि केरबा त्या मोटारसायकलला अडकवून निघणार. केरबा आमच्याकडं त्याच्या लग्नाआधीपासून आहे, आता त्याची पोरगी दहावीला आहे. पण कुठल्या दाराला कधी जायचं हे आजही त्याला आईनंच सांगावं लागतं. दोन स्वयंपाकिणी आहेत, त्या आईसारखाच स्वयंपाक करतात. डोकं मात्र एकच.

माझं म्हणाल तर मार्केट यार्डाजवळ माझं शेतीपंपांचं दुकान आहे. घरात दोन बायका हुशार असल्या की पुरुषाला निवांत पंप विकता येतात.

दुसरी हुशार बाई म्हणजे माझी बायको ब्राह्मी. ती पुण्याच्या एका कंपनीसाठी घरात बसून वेबसाइटी बनवते. माडीवरच्या खोलीत तिचा संगणक, आणि तिथून ती दिवसभर कानाला यंत्र लावून इंग्रजीत भांडत असते. दिवाळी झाल्यावर एके दिवशी ती खाली आली आणि आईसमोर मोबाईल धरून म्हणाली, "आत्ती, तुमचं शिखरजीचं तिकीट काढलंय. मंडळाच्या बायकांबरोबर, मिरजेहून."

आई मेथी निवडत होती. तिनं काडीवरून नजर उचलली नाही. "रद्द कर."

"नाही करणार. डबे मी बघते."

"तू? तुला शेजारच्या घरचा चहा आन आपला चहा वळखू येत न्हाई, आन डबे बघणार."

हे जरा अन्यायाचं होतं, पण आईला अन्याय शोभतो. ब्राह्मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. ती तिथंच मेथीच्या जुडीपाशी बसली आणि म्हणाली, "तुमच्या डोक्यातलं मोबाईलमध्ये घालते. केरबाला मोबाईल सांगेल कुठं जायचं ते."

दोघींची बरीच घासाघीस झाली आणि शेवटी अट ठरली. निघायच्या आधी आठवडाभर आईनं पडवीत फक्त बसायचं, बोलायचं नाही. पिशव्या मोबाईलच्या हुकमानं भरायच्या. त्या आठवड्यात एक जरी डबा न खाता भरलेला परत आला, किंवा कुणाची तक्रार आली, तर तिकीट रद्द. न खाता परत आलेला डबा आईच्या लेखी फार वाईट. तो परत आला की ती दिवसभर कुणाशी धड बोलत नाही.

ब्राह्मी कामाला लागली. संध्याकाळी मी दुकानातून आलो की दोघी पाटावर समोरासमोर बसलेल्या दिसायच्या, मध्ये लॅपटॉप. ती आईला समजावत होती की जावास्क्रिप्ट नावाची एक भाषा असते, आणि तिच्यात एका ओळीत मांडलेल्या वस्तूंना ॲरे म्हणतात. "हे बघा आत्ती, फळीवर डबे ओळीनं ठेवल्यासारखं. प्रत्येक डब्याला आपला नंबर. पहिल्याचा नंबर शून्य."

"शून्य?"

"शून्यापासून मोजतात."

"शून्य म्हंजे काय न्हाई ते. डबा तर हितं हाय की."

"तसं नाही. सुरुवातीपासून किती पुढं सरकायचं त्याचा तो आकडा. पहिल्यासाठी सरकावंच लागत नाही, म्हणून शून्य."

आईनं थोडा विचार केला. "म्हंजे तुझं यंत्र दारातच बसतंय आळशावानी. बरं, फुडं सांग."

पुढचं मलाही आवडलं. ब्राह्मीनं दिनदर्शिका घेऊन वर्षातले सगळे सूर्यास्त एका ओळीत मांडले, आजचा कितवा दिवस ते विचारलं की आजचा सूर्य कधी बुडणार ते यंत्र सांगायचं. गिऱ्हाइकांची दुसरी ओळ. त्या ओळीतल्या प्रत्येकाच्या नावापुढं भाकरी की चपाती, कांदा हो की नाही, घर किती लांब, आणि शेवटी "दिवसा" असा एक रकाना. दिवसा जेवणाऱ्याच्या पुढं ट्रू, बाकीच्यांच्या पुढं फॉल्स. मग फिल्टर म्हणून एक हुकूम असतो, तो दिला की ट्रूवाले सगळे वेगळे निघून पहिल्या फेरीत जातात. चाळणीतून रवा खाली पडावा तसं. कुणी दुपारी "आज डबा नको" असा मेसेज टाकला की तो ओळीतून निघायचा आणि मागचे सगळे आपोआप पुढं सरकायचे.

"दिवसा कुणाकुणाला?" ब्राह्मीनं विचारलं.

"जैन तेवढे पहिल्या फेरीत," आई म्हणाली, आणि आमटीला फोडणी द्यायला उठली.

नावं ब्राह्मीच्या ओळखीचीच होती. ती भिलवडीची, तिला कोण कुठला आहे हे सांगावं लागत नाही. चौगुले, मगदूम, उपाध्ये, ट्रू. पाटील मात्र तिनं एकेक विचारून घेतले, कारण सांगलीत पाटील हे आडनाव कुठल्याही जातीत निघतं. बाकी शिंदे, जाधव, शेलार, फॉल्स. मी तिच्यामागं उभा राहून बघत होतो आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

आठवडा सुरू झाला तो धिंगाण्यानंच. पहिल्या दिवशी केरबा निघाला आणि थोड्याच वेळात त्याचा फोन. "वैनी, ह्यो मोबाईल मला लय पळवायलाय बगा. पयलं घर झालं, आता दुसरं सोडून एकदम दहाव्याला जा म्हंतोय, मग अकराव्याला, आन मग परत गावभागात दुसऱ्याला! मी काय भिंगरी हाय व्हय?"

ब्राह्मीनं कपाळावर हात मारला. त्या भाषेत ओळ लावण्यासाठी सॉर्ट नावाचा हुकूम आहे, आणि त्याला नीट सांगितलं नाही तर तो आकड्यांना आकडे न समजता अक्षरं समजतो. दहाची सुरुवात एकनं, म्हणून दहा दोनच्या आधी. एवढं मोठं यंत्र, आणि त्याला दहा हा दोनापेक्षा मोठा हे समजावून सांगावं लागतं. "हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात," ब्राह्मी म्हणाली आणि लाजून लाल झाली. तिनं दोन आकड्यांची वजाबाकी करून लहानमोठं ठरवायचं त्याला शिकवलं, तोवर केरबानं स्वतःच्या अकलेनं गाडी वळवली होती. पहिल्या फेरीचे डबे जेमतेम उजेडात पोचले. आई पडवीत तोंडावर पदर धरून बसली होती. बोलायचं नाही असं ठरलेलं, हसायचं नाही असं ठरलं नव्हतं.

त्यानंतर मात्र सगळं सुरळीत. चतुर्दशीला उपवासवाले ओळीतून अलगद निघाले. हॉस्टेलच्या पोरांनी ऐनवेळी पाहुणे सांगितले ते ओळीच्या टोकाला जोडले गेले. केरबा मोबाईलला मोटारसायकलच्या दांडीवर बांधून ऐटीत फिरायला लागला. आणि रोज सकाळी परत आलेले डबे आई एकेक उघडून बघायची. सगळे रिकामे, धुतलेले. हळूहळू तिची बॅग भरायला लागली. लोकरीची शाल, गुडघ्याला लावायचं तेल, वाटेत खायला दशम्या. एका सकाळी तर ती पडवीत स्वतःशीच स्तवन गुणगुणताना मी ऐकली. माझ्या आईला गुणगुणताना ऐकून मला काय वाटलं ते सांगत बसत नाही, पण त्या दिवशी दुकानात मी एका गिऱ्हाइकाला घासाघीस न करता सूट दिली.

निघायच्या आदल्या दुपारी केरबा पाणी प्यायला पडवीत टेकला. आई देवळात गेली होती. मी जेवायला घरी आलेलो, ब्राह्मी मला वाढत होती.

"वैनी," केरबा म्हणाला, "एक सांगू का? सुभेदार लय वाळल्यात."

सुभेदार म्हणजे उदयसिंह शेलार. मूळचे मेढ्याचे. फौजेतून निवृत्त झाल्यावर सांगलीच्या एका मिलमध्ये पहाऱ्यावर मुख्य म्हणून आले आणि इथंच राहिले. बायको वारली, मुलं पुण्याला. मेढ्याचा पाऊस आता हाडांना सोसत नाही म्हणतात. विश्रामबागेत एका इमारतीत एकटे राहतात आणि आमचा डबा खातात.

"आजारी आहेत का?" ब्राह्मीनं विचारलं.

"न्हाई वो. डबा खात न्हाईत. ह्यो आठवडाभर डबा खालच्या वॉचमनला देत्यात, आन त्यानं खाल्ला की धुऊन मला परत. मला कालच त्यो वॉचमन म्हणाला, काकूंच्या हाताला लय चव हाय म्हणून."

ब्राह्मीच्या हातातला डाव तसाच राहिला. ती माडीवर गेली, मोबाईलमध्ये काहीतरी बघून खाली आली आणि म्हणाली, "सन्मती, गाडी काढा." माझं अर्धं जेवण ताटात राहिलं. लग्न झालेल्या माणसाला अशा वेळी प्रश्न विचारायचे नसतात हे कळतं.

सुभेदार गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. अंग खरंच उतरलं होतं, पण मिशा ताठ. आम्हाला बघून उभे राहिले, आणि ब्राह्मीनं सरळच विचारलं, "काका, डबा का खात नाही?"

"खातो की."

"वॉचमन खातो."

म्हातारा चोरी पकडल्यासारखा हसला. मग बसा म्हणाला, आणि समोरच्या बंद दाराकडं बघायला लागला. त्या दारावर अजून श्रेणिक उपाध्ये मास्तरांची पाटी होती. मास्तर आमचंच गिऱ्हाईक, मागच्या वर्षी गेले.

"मास्तर आन मी ह्या गॅलरीत जेवायचो," सुभेदार म्हणाले. "मी हितं आलो तवा बायको नुकतीच गेलेली. रातचं एकटं जेवाय बसलो की घास फिरायचा तोंडात. मास्तर म्हणालं, सुभेदार, माझ्यासंगं बसा. पण मी दिवस बुडाल्यावर जेवत न्हाई. म्हटलं, न्हाई तर न्हाई. फौजेत लंगरची शिट्टी वाजंल तवा जेवलोय, मला काय. तवापासनं रोज हितं, उजेडात. लय वर्सं झाली. मास्तर गेल्यावर वाटलं, आता कुणाचं बंधन हाय? एकदा रातचं जेवाय बसलो बी. नाय गं पोरी. मास्तरला सोडून जेवल्यागत वाटलं. तवापासनं उजेडातच जेवतो. माझा नेम न्हाई, धरम न्हाई, काय न्हाई. आपलं सवयीचं."

"मग हा आठवडाभर रोज संध्याकाळी काय खाल्लंत?"

"चुरमुरं हुतं. दूध हुतं. सकाळचा डबा हाय की."

ब्राह्मीचा चेहरा पडला. आईच्या हातानं इतकी वर्षं त्यांचा डबा मास्तरांच्या डब्याला बांधून पहिल्या पिशवीत जात होता, मास्तर गेल्यावरही तो हात त्याच पिशवीकडं जात राहिला. ब्राह्मीनं शेलार बघून फॉल्स लिहिलं होतं. "मला एक फोन तरी करायचात, काका. एक शब्द बदलायचा होता फक्त."

"कसा करू?" म्हातारा एकदम वरच्या आवाजात म्हणाला. "केरबानं मला अट सांगितली हुती. भरला डबा परत गेला, न्हाईतर कुणी तक्रार केली, तर काकू जाणार न्हाईत. इतकी वर्सं त्या बाईच्या हातचं खाल्लंय मी. बायको गेल्यावर मला जगवलंय त्या डब्यानं. आन चार दिवस चुरमुरं खाल्लं तर मी मरतो व्हय? काकूस्नी यातलं काय बी सांगू नगा. जाऊ द्या त्यास्नी."

आम्ही जिना उतरलो. इमारतीच्या खालीच ब्राह्मीनं मोबाईल काढून फॉल्सचं ट्रू केलं. ओळ हलली, सुभेदारांचं नाव मागून पुढं सरकून पहिल्या फेरीत बसलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. तिनं केरबाला फोन करून आज सगळ्यांत आधी त्यांच्याकडं जायला सांगितलं.

"झालं की," मी म्हणालो. "चूक सुधारली. डबा काही भरलेला परत आला नाही, तक्रारही कुणी केली नाही, त्यामुळं अट मोडलेली नाही. आणि खुद्द सुभेदारच सांगू नका म्हणाले. आई उद्या गाडीत बसली की मग सावकाश सांग."

तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या मते मी काही चुकीचं बोललो नव्हतो, आजही मला तसंच वाटतं. पण ती तोवर गाडीत जाऊन बसली होती.

आई पडवीत पिशव्यांपाशी बसली होती. पहिली फेरी निघायची वेळ. ब्राह्मी तिच्यासमोर खाली बसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, स्वतःच्या चुकीला पांघरूण घातलं नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो आणि मनातल्या मनात तिकिटाचे किती पैसे परत मिळतील याचा हिशोब करत होतो.

आई उठली. आत गेली, आणि तिनं बॅग उघडून शाल बाहेर काढली. मग दशम्यांचा डबा. मग तेल.

"आत्ती," ब्राह्मी म्हणाली.

"माझ्या यात्रंसाठनं एक माणूस उपाशी बसला. आन मी पुण्य मिळवाय डोंगर चढू?" आईचा आवाज चढला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो. "त्येंचा डबा पहिल्या फेरीत जातोय हे मला तरी कुठं ठावं हुतं? हात जायचा. त्यो माणूस उजेडात का जेवतो, मी कवा इचारलं न्हाई. एकदा बी न्हाई."

ब्राह्मी उठून बॅगेपाशी जाऊन बसली.

"तू का सांगितलंस?" आईनं एकदम विचारलं. "सुभेदार नको म्हणालं. ह्यो तुझा नवरा बी नकोच म्हणाला आसंल."

मी जमिनीकडं बघितलं.

"गप बसली असतीस तर मी गेलो असतो," आई म्हणाली. आमच्या भागात बायकाही गेलो-आलो असंच बोलतात. "तुला काय त्रास हुता?"

"मला तुम्हाला पाठवायचं होतं, आत्ती. फसवून नाही पाठवायचं. आणि तुम्ही गेल्यावरही मी चुकणारच आहे. कुणाच्या तरी पुढं चुकीचं लिहीन. तेव्हा काय रोज लपवू?"

पडवीत केरबानं मोटारसायकल सुरू केली आणि ओरडला, "काकू, येळ झाली. जाऊ न्हवं?" आई त्याला जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही. ती ब्राह्मीकडं बघत होती. शेवटी ब्राह्मीच दारात जाऊन म्हणाली, "जा केरबा. आधी सुभेदार." गाडीचा आवाज बोळातून लांब गेला.

आई खाली बसली. तिनं शाल परत घडी करून बॅगेत ठेवली. त्यावर तेल, त्यावर दशम्यांचा डबा.

"मग जातो मी," ती म्हणाली. "डबा चुकला तर चुकू दे. चुकल्यावर सांगणारं माणूस हाय घरात. मला तेवढंच बघायचं हुतं, आन ते मला आजपातूर कळलं न्हवतं." आणि लगेच माझ्याकडं वळून, "तू कशाला रडायलास? बाजूला हो, मला भाजी निवडायची हाय."

दुसऱ्या दिवशी मिरज स्टेशनला जाताना तिनं रिक्षा विश्रामबागेतून न्यायला लावली. सुभेदार खाली आले. आईनं रिक्षातूनच हुकूम सोडला, "मी येईपातूर तुमी एकट्यानं जेवायचं न्हाई. केरबाच्या गाडीवर बसून आमच्या पडवीत यायचं. उजेडात. कळलं?" सुभेदारांनी टाचा जुळवून सलाम ठोकला. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाच्या टाचांचा आवाज निघाला हे विशेष.

त्यानंतर आईचा फोन अधूनमधून यायचा, गाडीतून, धर्मशाळेतून. डोंगर चढायच्या दिवशी मात्र दिवसभर आला नाही. आम्ही काळजीत. ब्राह्मी पिशव्या भरून पाठवून पडवीच्या पायरीवर बसली होती, बाजूला सुभेदार डबा उघडून भाकरी मोडत होते, मीही दुकान लवकर बंद करून आलो होतो. पेरूच्या झाडावर अजून ऊन होतं. आणि फोन वाजला. ब्राह्मीनं तो मोठ्या आवाजावर टाकला.

"अगं, हितं अंधार पडला!" आई जवळजवळ किंचाळत होती. "सूर्य बुडाला! डबे गेले का न्हाई? पहिली फेरी गेली का?"

"आत्ती, आपल्याकडं ऊन आहे अजून. तुम्ही पूर्वेला खूप लांब गेलाय, तिकडं आधी मावळतो. पहिल्या फेरीचे सगळे डबे पोचले. सुभेदार इथंच जेवतायत. डोंगर झाला?"

"झाला. चढलो मी. सगळ्या टोकांवर माथा टेकला. गुडघं काय बोललं न्हाईत." मग आवाज बारीक झाला. "खाली आलो, पाय चेपत बसलो, आन सांगलीच्या हिशोबानं बसलो की गं मी. अजून येळ हाय म्हणून. माझं जेवण ऱ्हायलं."

सुभेदारांनी हे ऐकलं. हातातली भाकरी त्यांनी हळूच डब्यात ठेवली आणि डबा झाकायला झाकण उचललं. आईला ते दिसणं शक्य नव्हतं. पण एवढी वर्षं डबे देणाऱ्या बाईला झाकणाचा आवाज कळतो.

"सुभेदार!" फोन थरथरला. "झाकण खाली ठेवा! माझ्याकडं बुडलाय, तुमच्याकडं न्हाई. खावा गुमान!"

सुभेदारांनी झाकण खाली ठेवलं. मिशीवरून हात फिरवला, भाकरीचा मोठा तुकडा मोडला आणि खाल्ला, आणि तो खाल्ल्याचं आईला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं चावला.